देवाला न विचारलेला प्रश्न

रेवा आणि ईशान,

परवा तुमच्या बाबांनी फोनवर रेवाबद्दल ‘निष्काळजी’ हा शब्द वापरला आणि मी फोन ठेवला. फोन कट झाला असं त्याला वाटलं असेल. तो मी ठेवला होता. रेवाला एडीएचडी आहे असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कळवायला त्याने फोन केला होता. आणि त्याच दमात तो म्हणाला, “पण आई, खरं सांगू? ती निष्काळजी आहे. मनात आणलं तर सगळं करते.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे. ज्या घरात ऐकलं त्याच घरात तुमचे बाबा वाढले, आणि जिच्याबद्दल ते म्हटलं गेलं तिच्या हातची पेज खाऊन वाढले. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागेल, लागू दे. बाबांनी आधी वाचावं.

इंदू माझी धाकटी जाऊ. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ वसंत, त्यांची बायको. दर चवथीला तुम्हाला फोन करून मोदक खाल्ले का विचारणारी जी मीनाआत्या, तिची ही आई. माहेर पेडण्यातलं, धारगळचं. सासर आमचं कारापूरचं घर. आज इंदू नाही, आणि मीना तुम्हाला यातलं काहीही सांगणार नाही.

इंदू उंच होती. चालायची ती कायम कुठल्या तरी दिशेने झेपावल्यासारखी, आणि पोचायची बहुतेक वेळा दुसरीकडेच. पायात कधीकधी दोन वेगळ्या वहाणा असायच्या. सकाळचा चहा ती ओतून घ्यायची, जनेलावर, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि विसरायची. मग दुसरा ओतायची आणि दुसऱ्या जनेलावर ठेवायची. दुपारी घर झाडताना सगळ्या खिडक्यांत साय धरलेले पेले सापडायचे. आमच्या सासूबाई, माई, ते एकेक उचलून परसात ओतायच्या आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, “आमची सून जनेलांक च्या पाजता!”

बोलणंही तसंच. विहिरीवरून येताना मनात एखादी गोष्ट सुरू झालेली असायची, आणि कळशी ठेवता ठेवता ती स्वयंपाकघरात जाहीर करायची, “आनी म्हणून तो मेलो ना!” कोण मेला नाही, कशाने मेला नाही, हे विचारून विचारून काढावं लागे. एकदा निघालं की मात्र हातातलं काम सोडून ऐकावं असं सांगायची. तुमचे बाबा तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत पडायचे. ते त्यांना आठवत असेल अशी माझी अपेक्षा आहे.

पहाटे पाववाला, आमच्याकडे त्याला पदेर म्हणतात, सायकलचा भोंपू वाजवत यायचा. इंदू उंडे, म्हणजे गोल पाव, आणायला धावायची. एकदा ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा टोपलीत उंडे नव्हते, मांजराचं पिल्लू होतं. “गटारांत पडिल्लें गो वैनी,” ती मला म्हणाली, “रडटालें.” मोठ्या जावेला ती वैनी म्हणायची. मी विचारलं, “आणि उंडे?” तिने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू लागली. मग एकदम हसायची थांबली, कारण माई दारात उभ्या होत्या.

तिच्या पदराला गाठी असायच्या. काही लक्षात ठेवायचं असलं की गाठ मारायची, हे सगळ्याच बायका करतात. इंदूच्या पदराला मात्र इतक्या गाठी असत की पदर खांद्यावरून ओघळायचा. संध्याकाळी ती ओट्यावर बसून एकेक सोडवायची. “ही कसली गांठ? ही कसली?” तुमच्या आजोबांना यात मोठा विनोद वाटायचा. मला त्या गाठी आज आठवल्या की संताप येतो. आपल्या डोक्यात वस्तू राहत नाही हे ओळखून ती डोक्याबाहेर ठेवायची सोय जी बाई रोज करत होती, तिला ते घर बेफिकीर म्हणत होतं.

तुमच्या बाबांचा फोन आल्यापासून मी पुस्तकं आणवून वाचली. जन्मभर मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवलं आहे, पेन्सिल घेऊन सावकाश वाचायची सवय आहे. मला समजलं ते असं. कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो तो घरातल्या कारभाऱ्यासारखा असतो. तो स्वतः भात शिजवत नाही, पाणी ओढत नाही. आधी काय, मग काय, हे तो ठरवतो. चुलीवर दूध आहे, हे दारात कुणी हाक मारली तरी धरून ठेवतो. मनात आलं ते लगेच बोलू नको, म्हणतो. वेळ किती गेला याचा अंदाज देतो. काहींच्या मेंदूत या कारभाऱ्यापर्यंत निरोप नीट पोचत नाहीत. हाताखालची माणसं सगळी असतात, हुशार असतात, पण कारभारी कधी जागेवर असतो, कधी नसतो. एखादी गोष्ट नवी असली, मनाला भिडली किंवा अगदी गळ्याशी आली की तो ताडकन उठून बसतो. रोजच्या कंटाळवाण्या कामाला त्याला हाका मारून घसा सुकतो. कामाचं ज्ञान असतं आणि इच्छाही असते. ती दोन्ही वेळेवर हातात येत नाहीत, इतकंच. हे सगळं वाचताना मला एकच चेहरा दिसत होता.

आता चवथीची गोष्ट. गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी बांधतो: लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, फुलं. त्या दिवसांत डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान भरपूर मिळतं, पण इंदूला विकतचं आवडायचं नाही. लाल कवंडळं ती स्वतः डोंगराच्या कडेने जाऊन आणायची. त्या वर्षी चवथीच्या आदल्या दुपारी निघताना तिला सांगितलं होतं की परतताना मीनाला शाळेतून घेऊन ये. मीना पहिलीत होती. इंदूने गाठ मारली. आणि डोंगराच्या कडेला तिला एका झाडावर चढलेला कवंडळांचा वेल दिसला, त्याच्या पलीकडे आणखी एक.

ती घरी आली तेव्हा तिचा ओचा लालबुंद फळांनी भरलेला होता. केसांत पानं, हातावर ओरखडे, चेहरा असा फुललेला की मी तो विसरू शकत नाही.

माईंनी विचारलं, “चेडूं खंय?”

मुलगी कुठे. इंदूच्या हातातून ओचा सुटला. कवंडळं अंगणभर घरंगळली, आणि ती आली तशी उलट धावत सुटली. वाटेतच शाळेचा शिपाई मीनाला सायकलवर बसवून आणत होता. पोरीला काही झालं नव्हतं. ती शाळेच्या पायरीवर बसून होती. विचारलं तर म्हणाली, “आई येतली म्हणून बसलें.”

त्या वर्षीची माटोळी पाहायला वाड्यावरची माणसं मुद्दाम आली. असली कवंडळं कुठे मिळाली, म्हणून सगळ्यांनी विचारलं. जिने आणली ती मागच्या खोलीत बसून होती. तिला आरतीलाही कुणी हाक मारली नाही. मी गेले, तर म्हणाली, “वैनी, गांठ मारिल्ली गो. हें पळय, आसा.” गाठ खरंच होती.

विसर्जन झाल्यावर वसंतभाऊजींनी घरात सांगून टाकलं: मीनाला मडगावला त्यांच्या बहिणीकडे ठेवायचं. “हिच्या सांगातीं उरल्यार चेडूंय अशेंच जातलें.” मुलगी आईसारखी होईल, ही भीती. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत इंदूला सुधारायची मुदत मिळाली.

वसंतभाऊजी शिरगावकडच्या एका खाणीच्या ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी शर्टाच्या बाह्यांवर लाल धूळ घेऊन यायचे, ती झटकायचे, आणि मराठीच्या सभेला जायचे. ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते, मराठी की कोंकणी. आमच्या घरातून सगळे कोंकणीत वाद घालत निघायचे आणि सभेत जाऊन मराठीत टाळ्या वाजवायचे. भाऊजी भाषण सुंदर करत. मराठीवर अन्याय होतो म्हणताना त्यांचा गळा खरोखर दाटून यायचा. घरी आल्यावर पेल्यांवरून बायकोचा उद्धार करताना तो मोकळा असायचा.

इंदूने त्या मुदतीत जे केलं ते मी पाहिलं आहे. गजराचं घड्याळ पिशवीत घालून ती गावभर फिरायची. ते रस्त्यात खणखणायचं, पोरं हसायची आणि ती मधेच उभी राहून आठवायची, कशाला लावलं होतं. भाताचं आधण ठेवलं की चुलीपुढून उठायचीच नाही, कुणी हाक मारली तरी. मग माई म्हणायच्या, “आतां बहिरी जाली!” प्रयत्न करत नाही असं तिच्याबद्दल जो म्हणेल त्याला मी आजही घराबाहेर काढीन.

मग त्या भाषेच्या भांडणापायी रस्ते अडवायचे दिवस आले. झाडं तोडून रस्त्यांत टाकलेली, बस बंद. त्यात आमच्या शेजारची लक्ष्मी अडली. सुईणीने हात टेकले, म्हापशाला न्या म्हणाली. कुणाची तरी जीप मिळाली, पण रस्त्याच्या भीतीने पुरुष एकमेकांकडे बघत उभे राहिले. इंदू कुणालाही न विचारता ड्रायव्हरशेजारी चढून बसली. मी मागे लक्ष्मीचं डोकं धरून होते, म्हणून हे मी सांगू शकते.

पहिल्या वळणावर कोंकणीवाले होते. इंदू खाली उतरली. “पुता, भितर बायल अडल्या. तुका जल्माक घालतना तुज्या आवयची वाट कोणें आडायिल्ली रे?” आईचं नाव निघताच फांद्या बाजूला झाल्या. पुढच्या वळणावर मराठीवाले. तिथे तिने स्वच्छ मराठी काढली, नवऱ्याच्या भाषणातली वाक्यंच्या वाक्यं: “मराठी आपली माय आहे ना? मग एका मायसाठी वाट सोडा.” पोरं चपापली आणि बाजूला झाली. तिसऱ्या ठिकाणचे कोण होते हे विचारायलाही ती थांबली नाही. “तुमच्या सगळ्यांच्या आवयांक वळखतां हांव! सांगूं घरा येवन?” एवढं ओरडली आणि स्वतःच ओंडक्याला हात घातला. लक्ष्मीला मुलगा झाला. इस्पितळात कुठे जायचं, कुणाला गाठायचं, लक्ष्मीच्या सासरी कुणाच्या हाती निरोप धाडायचा, सगळं इंदूने केलं, एकदाही न चुकता. गळ्याशी आलं की कारभारी उठून बसतो, म्हटलं ना, तो त्या दिवशी मी पाहिला.

मला वाटलं, आता मीना राहणार. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं.

वसंतभाऊजी म्हणाले, “पळयलें? जीप घेवन म्हापशां वता, आनी चुलीवयलें दूद दिसना. म्हणजे हिका जमता सगळें. मनांत आसल्यार जमता.”

समजलं का, तुमच्या बाबांचं वाक्य कुठून आलं? तो तेव्हा ओट्यावर बसून अभ्यास करत होता.

इंदूला पणजीच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, चार प्रश्न विचारले. मेंदू उत्तम आहे म्हणाले, बाई हुशार आहेत, टॉनिक घ्या. तेव्हाच्या डॉक्टरला बाईमाणसात हे ओळखता आलं नसेल, तेवढं मी समजू शकते. नंतर जे झालं ते मी समजूनही घेत नाही आणि माफही करत नाही.

माईंनी ठरवलं की देवाला विचारायचं. आपल्याकडे मोठा प्रश्न असला की प्रसाद लावतात. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सकाळी आम्ही सगळे देवळात उभे राहिलो. गुरव म्हणाला, “देवा म्हाराजा, ह्या घराच्या सुनेक कोणाची बाधा, कोणाची नजर, कुळाचो कांय दोश आसल्यार उजवी दी, नासल्यार दावी दी म्हाराजा.” सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं.

इंदू माझ्या शेजारी होती. तिचे ओठ हलत होते. काय मागत होती ते तिने मला नंतर सांगितलं: “उजवी पडूं दी. बाधा आसूं दी. बाधेक उपाय आसा.”

डावी पडली.

“जालें,” वसंतभाऊजी देवळातच म्हणाले. “दोतोर म्हणटा दुखणें ना. देव म्हणटा बाधा ना. आतां उरलें कितें? मस्ती.”

मी म्हणाले, “भाऊजी, मग तोही प्रश्न लावा. ही मुद्दाम करते का, हे विचारा देवाला. उजवी की डावी.”

गुरवाच्या हातात ओल्या कळ्या होत्या. तो थांबला. मला वाटतं, त्याने लावल्या असत्या.

“वैनी, देवाची थट्टा करूं नाकात,” भाऊजी म्हणाले. माई म्हणाल्या, “शिकिल्ल्यो बायलो!” तुमचे आजोबा, ज्यांच्या शब्दाला त्या घरात वजन होतं, लामणदिव्याकडे बघत राहिले. तो दिवा तेव्हा पेटलेलाही नव्हता. गुरवाने कळ्या तबकात परत ठेवल्या.

देव खोटं बोलला नाही, डॉक्टरही बोलला नाही. दोघांनी विचारलेल्याचं उत्तर दिलं. खोटं बोलली ती आमची माणसं, ज्यांनी दोन ‘नाही’ एकत्र बांधून त्यातून एका बाईचा गुन्हा तयार केला. बाधा असती तर तिला नारळ मिळाला असता, उपास मिळाला असता, दया मिळाली असती. काहीच नव्हतं म्हणून तिची मुलगी काढून घेतली.

त्याच उन्हाळ्यात गोवा घटक राज्य झालं. फटाके वाजले, पेढे वाटले. कोंकणीला राजभाषा करणाऱ्या कायद्यावर रागावलेले वसंतभाऊजी राज्यावर मात्र खूश होते. “आतां आमचो कारभार आमच्या हातांत,” असं ते व्हरांड्यात चारचौघांना सांगत होते, आणि आतल्या खोलीत मीनाची ट्रंक भरली जात होती. इंदू भरत होती. भरता भरता तिच्या हाती मीनाची जुनी बाहुली लागली आणि ती तिचे केस विंचरत बसली. माईंनी ट्रंक तिच्यापुढून ओढून घेतली.

मडगावला मीनाला कुणी वाईट वागवलं नाही. महिन्यातून एका शनिवारी आत्याचा नवरा तिला संध्याकाळच्या बसने आमच्या जवळच्या साखळी गावापर्यंत आणायचा, तिथून इंदूने तिला घरी न्यायचं. पहिल्याच खेपेला इंदू उशिरा पोचली. तो पोरीला घेऊन उलट्या बसने मडगावला निघून गेला. आईची वाट पाहत ताटकळणं तिच्या नशिबी पुन्हा नको, म्हणाला. आणखी एकदा असं झालं तर आणणंच बंद करू, असा निरोप आला.

पुढच्याच महिन्यात तुमच्या आजोबांची पणजीला बदली झाली. आम्ही निघालो तो मीना यायचा शनिवार होता. पुढे इंदू मला आजारात, खाटेवर दिसली, पण त्या भेटी मी धरत नाही. माझ्यासाठी ती शेवटची तिथे आहे.

साखळीच्या स्टँडवर आमची सकाळची बस उभी होती. दुकानं नुकती उघडत होती. पलीकडे झाडाखालच्या दगडावर इंदू बसली होती. न्हालेली, नीट नेसलेली, मांडीवर फडक्यात बांधलेले उंडे. चहाच्या गाड्यावरचे दोघे तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाले आणि हसले. मी खिडकीतून ओरडले, “अगो इंदू! बस सांजेची!”

“ठावें आसा गो वैनी,” ती तिथूनच म्हणाली. हसत होती. “पूण सांज केन्ना जाता तें म्हाका कळना. म्हणून सकाळींच येवन बसलें.”

बस हलली. तुमचे बाबा माझ्या मांडीवरून वाकून तिला हात करत होते. मी मागे वळून पाहत राहिले. पाय जमिनीला घट्ट टेकवून ती दगडावर बसली होती, आणि समोरून कुठलीही बस आली की, सकाळच होती तरी, उठून उभी राहत होती.